चौथ्या माळेची सुई

साल दोन हजार एकोणीस, जानेवारीचा महिना. माझं वय सत्तावन्न, नोकरी उरली होती सव्वा वर्ष. शिपाई म्हणून भरती झालो तेव्हा सातवी पास होतो आणि सहाय्यक फौजदार म्हणून बाहेर पडलो तेव्हाही सातवी पासच होतो. मधल्या काळात खून बघितले, दरोडे बघितले, जाळपोळ बघितली. त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. पण कोंबड्यांच्या एका चौकशीतले ते चार दिवस अजून जसेच्या तसे डोळ्यांपुढं येतात. कोंबड्यांचं ऐकून कुणी हसेल तर हसू द्या. एका माणसाचा जीव त्यात जाता जाता राहिला, आणि तो माझ्यापायी गेला असता.

नावं कुणाचीच लिहीत नाही. कळंबच्या बाजूचं ठाणं होतं एवढं पुरे. जिल्ह्याचं नाव तेव्हा कागदावर उस्मानाबाद होतं, बोलण्यात आम्ही धाराशिवच म्हणायचो.

सकाळी नऊच्या सुमाराला एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. "जमादार, बिगीनं या. मालकाच्या माणसांनी डॉक्टरला धरून बसवलंय. पोरं गरम हायती." स्टेशन डायरीला नोंद केली, एक शिपाई घेतला आणि निघालो.

मालक म्हणजे गावातला मोठा बागायतदार. त्यानं दोन वर्षांपूर्वी अंड्यांसाठी कोंबड्यांचं शेड टाकलं होतं. डॉक्टर म्हणजे खरा डॉक्टर नव्हे. जनावरांच्या दवाखान्याचा दोन वर्षांचा कोर्स केलेला धनगराचा पोरगा, वय असेल तेहतीस-चौतीस. आसपासच्या चार गावांत जनावरांना आणि कोंबड्यांना लसी टोचायचा. गाव त्याला डॉक्टर म्हणायचं, म्हणून मीही तेच लिहितो.

तो शेडच्या अंगणात खाद्याच्या पोत्यावर बसला होता. शर्टाचा खिसा फाटलेला. भोवती पंधरा-वीस माणसं. एकाच्या हातात फावडं होतं आणि ते काही शेण ओढायला आणलेलं दिसत नव्हतं.

मालक मला हाताला धरून शेडमध्ये घेऊन गेला. आत पाय ठेवला आणि रुमाल नाकाला लावला. सडल्यासारखा वास. कोंबड्यांची तोंडं सुजून डोळे मिटलेले, नाकातून चिकट पाणी, श्वासाला घरघर. कोपऱ्यात मेलेल्यांचा ढीग लहान होता, पण जगलेल्यांकडं बघवत नव्हतं.

"अंडी निम्म्यावर आली, जमादार," मालक म्हणाला. "ह्यानंच टोचलं व्हतं ह्या सर्दीच्या रोगावर. गणपतीच्या आधी. लस टोचली म्हणतोय अन् पाखरं तर सर्दीनंच मराय लागलीत. पाणी टोचलं त्येनं, नुसतं पाणी."

"कशावरून?"

"त्येच्या वाडीवर जाऊन बघा की. त्येच्या बायकोनं बी पाखरं पाळलीत. एक पाखरू शिंकत न्हाय तिथं. आमचं शेड बसवायचं अन् सोताचं चालवायचं. मेंढरामागं फिरणाऱ्याला आपण डॉक्टर म्हणलो, हीच आपली चूक."

मालकाची आई दारात उभी होती. काही बोलली नाही. मीही तिला काही विचारलं नाही. बाईमाणूस, म्हातारं, काय विचारायचं, असं मनात आलं. चौकशी अधिकाऱ्यानं असं मनात आणू नये.

डॉक्टरला गाडीत घातलं. अटक नव्हती, पण तिथं ठेवला असता तर त्याची हाडं शिल्लक राहिली नसती. मालकानं फसवणुकीचा आणि पाखरं मारल्याचा तक्रारी अर्ज दिला. आमच्या साहेबांनी तो चौकशीसाठी माझ्याकडं मार्क केला आणि म्हणाले, "चार दिवसांत अहवाल द्या. तथ्य निघालं तर गुन्हा दाखल करू."

त्याच दिवशी वाडीवर गेलो. मालक खोटं बोलत नव्हता. डॉक्टरच्या घरामागं जाळीचं छोटं शेड होतं, दीडशेच्या आसपास पाखरं. तुरे लालभडक, डोळे टवटवीत. फ्रीजमधून लसीची एक बाटली जप्त केली. बाटली उघडली की लेबलवर बॉलपेननं तारीख लिहायची, अशी त्याची सवय होती. बायको घाबरून चुलीपाशी उभी होती. आई ओट्यावर बसलेली, गळ्यात कवड्यांची माळ. ती देवीची आराधी होती. दर मंगळवारी शेजारच्या गावांत परडी घेऊन जोगवा मागायची. मी चौकशीचं कारण तिला सांगितलं नाही. डॉक्टरनं गाडीतच माझे पाय धरले होते, "आईला सांगू नका" म्हणून.

संध्याकाळी त्याला घरी सोडला. दुसऱ्या दिवशी दहाला ठाण्यात बोलावला. तो पावणेदहालाच येऊन बाकावर बसला होता.

चौतीस वर्षांत माणसं वाचायला मी शिकलो, पुस्तकं नाही शिकलो. खोटं बोलणारा माणूस लई बोलतो. विचारलं नाही तेही सांगतो. हा उलटा. मोजकं बोलायचा आणि एका ठिकाणी येऊन थांबायचा.

"लस खरी होती?"

"खरी व्हती, साहेब."

"मालकाच्या पाखरांना आणि तुझ्या पाखरांना एकाच खोक्यातली?"

"व्हय. एकाच दिवशी दोन्हीकडं टोचली. गणपतीच्या आधी."

"मग त्याची मरतात आणि तुझी नाचतात, हे कसं?"

इथं तो थांबायचा. पायाच्या अंगठ्याकडं बघायचा. कितीही फिरवून विचारा, इथं येऊन गप्प.

मी शर्टाची बाही वर केली. दंडावर देवीच्या लशीची खूण आहे माझ्या, रुपयाएवढी. ती त्याला दाखवली. "हे बघ. मी पाळण्यात होतो तेव्हा टोचलेली आहे. आज सत्तावन्न वर्षं झाली. देवी आली का मला? लस एकदा टोचली की जन्माची असते. तू टोचली असतीस तर चार महिन्यांत उतरली असती का?"

तो म्हणाला, "ती लस येगळी, साहेब."

"लस ती लस. मला शिकवू नको."

त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, सापडला. आता फक्त थोडं दाबायचं राहिलं. दाबायची प्रत्येकाची रीत असते. माझी रीत होती घरच्यांना बोलवायची. हात उचलणारे फौजदार मी बघितलेत, मी त्यातला नव्हतो आणि त्याचा मला अभिमान होता. आईबापासमोर बसवून विचारलं की भले भले बोलतात, हा माझा अनुभव.

मी म्हणालो, "ठीक आहे. उद्या दहा वाजता आईला घेऊन ये. तिच्यासमोर विचारतो. आणली नाहीस तर मी गाडी पाठवीन."

त्याचा चेहरा एकदम उतरला. हात जोडले आणि गेला. माझ्या शेजारच्या हवालदाराला मी म्हणालो, "उद्या पिकलेलं फळ हातात पडतंय."

हे वाक्य मी लिहितोय, कारण ते माझं आहे. लपवायचं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात जायच्या आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. तिथल्या मॅडमनी आदल्या दिवशी शेडची पाहणी केली होती, मेलेली पाखरं फाडून बघितली होती, नाकातले नमुनेही तपासणीला पाठवले होते. वयानं माझ्या मुलीएवढ्या असतील.

"विष नाही, जमादार," त्या म्हणाल्या. "ही जिवाणूची सर्दी आहे, लक्षणं तशीच आहेत. मालकानं माघातल्या जत्रेसाठी बाजारातून पाच-सहा कोंबडे आणून त्याच शेडमध्ये सोडलेत, ते माहीत आहे का तुम्हाला? बरं दिसणारं पाखरूसुद्धा हा रोग घेऊन येतं."

"पण लस टोचलेली होती म्हणतात."

"कधी?"

"गणपतीच्या आधी."

"आणि दुसरा डोस?"

मी विचारलं, "दुसरा कसला?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला राग आला. पण समजावलं नीट. ही लस मेलेल्या जिवाणूंपासून केलेली असते. पहिल्या सुईनं पाखराच्या अंगाला रोगाची नुसती ओळख होते. तीन-चार आठवड्यांनी दुसरी सुई दिली की ती ओळख पक्की होते आणि मग सहा-आठ महिने निभावतं, कधी त्याहून थोडं जास्त. नंतर परत टोचावं लागतं. एकट्या पहिल्या सुईवर दोन-तीन महिने, आणि त्याचाही भरवसा नाही. काही पाखरांत तेवढंही टिकत नाही.

मी दंड दाखवायला निघालो होतो, पण बाहीला हात लावून थांबलो. तरी विचारलंच, "मग देवीची लस?"

"ती जिवंत लस होती, आणि रोगही वेगळा. प्रत्येक लशीची मुदत वेगळी असते, जमादार. तो डॉक्टर मुलगा माझ्या ओळखीचा आहे. दुसरा डोस चुकवणारा नाही तो. मालकाकडं का दिला नाही, ते विचारा त्याला. आणि त्याची स्वतःची पाखरं चांगली असतील तर त्यांना तो नक्की मिळालाय."

मोटारसायकलवर बसलो तर डोकं भणभणत होतं. त्याच्या पाखरांना दुसरा डोस मिळाला असेल, तर तेवढं एक वाक्य बोलून तो सुटला असता. दोन दिवस माझ्यासमोर बसला आणि ते एक वाक्य बोलला नाही. माणूस स्वतःला सोडवणारी गोष्ट कशासाठी लपवील?

ठाण्यात पोचलो तर साडेदहा झाले होते. बाक रिकामा. अकरा वाजले. काल पावणेदहालाच येऊन बसलेला माणूस आला नव्हता. फोन लावला तर वाजत राहिला. साडेअकराला त्याची बायको आली, पायात चप्पल नाही, हातात त्याचाच मोबाइल.

"साहेब, हे इथं न्हाईत?"

"नाही."

ती दारातच खाली बसली. "सकाळी सातला गेले वो. ठाण्यात जातो म्हणले. फोन उशीखाली ठिवून गेले. काल रातीपासून जेवले न्हाईत. माझ्याशी एक शबूद बोलले न्हाईत."

शेतात फवारणीचं औषध असतं. विहिरी असतात. आमच्या खात्यात असा फोन ठेवून गेलेला माणूस बहुतेकदा कसा परत येतो, ते मला माहीत होतं. ठाणे अंमलदाराला सांगितलं, बीटवरच्या सगळ्यांना त्याचं वर्णन आणि त्याच्या मोटारसायकलचा नंबर द्या. मग तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"पोरी, आता लपवू नको. तुमच्या पाखरांना दुसरी सुई कधी टोचली?"

ती रडत होती ती थांबली. मला वाटलं, हीही गप्प बसणार.

"चौथ्या माळंला टोचली, साहेब."

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्याकडं नवरात्रात घट बसतात आणि घटावर रोज एक माळ चढते. दिवस आम्ही माळांनीच मोजतो. पुष्कळ घरांत त्या नऊ दिवसांत दाढी नाही, केस नाही, सुईदोरा नाही. कुठल्या जिवाला लोखंड लावायचं नाही. आराधी बाईच्या घरात तर हे विचारायलाच नको.

ती सांगत गेली. मालकाकडच्या दुसऱ्या सुईची तारीख नेमकी नवरात्रात आली. डॉक्टर बर्फाच्या डब्यात बाटल्या घेऊन चौथ्या माळेला मालकाच्या दारात गेला. एका बाटलीचं बूच टोचून पहिली सुई भरली, तेवढ्यात मालकाची आई उंबऱ्यावर आली. म्हणाली, "घट बसलेत. नऊ दिस ह्या दारात सुई लावायची न्हाय. जा." मालक त्या दिवशी धाराशिवला कोर्टात होता. डॉक्टर परत फिरला. नवरात्र झाल्यावर येतो म्हणाला, तर पुढं कुणी बोलावलं नाही आणि तोही आपणहून गेला नाही. म्हातारीनं हाकललेल्या दारात परत कसं जायचं, म्हणून. ही त्याची चूक, आणि ती मी अहवालात लिहिली.

"मग घरी आले," ती म्हणाली. "बाटली उघडली की त्याच दिशी संपवावी लागती. लाइट न्हवती, बर्फ पाणी व्हत चाललेला. मीच म्हणले, आपल्या पाखरांची बी येळ झालीया, टोचून टाका. आत्याबाई घटाम्होरं बसल्या व्हत्या. म्या पाखरांचे पाय धरले, ह्यांनी सुया मारल्या. मागच्या बाजूला, चोरावानी. उरलेली बाटली बांधाला पुरली. आत्याबाईस्नी कळलं तर त्या परडी खाली ठिवतील, म्हणतील माझ्या घरात घट बाटला. त्येनं त्या जगायच्या न्हाईत, असं ह्यांस्नी वाटतं. काल घरी आले अन् एवढंच म्हणले, उद्या आईसमोर इचारणार हायती."

मी उठलो. त्याला वाचवणारी गोष्ट त्यानं कुणासाठी लपवली होती ते मला कळलं, आणि मी नेमकी तिथंच बोट दाबलं होतं, तेही कळलं.

दीड वाजता निरोप आला. येडशीच्या रेल्वे स्टेशनबाहेर त्या नंबरची मोटारसायकल उभी आहे.

येडशीला जाणारा तो रस्ता मी शंभर वेळा गेलो असेन, एवढा लांब कधी वाटला नव्हता. वाटेत शिपाई काहीतरी बोलत होता, मी ऐकत नव्हतो. रूळ डोळ्यांसमोर येत होते. स्टेशनात शिरलो तेव्हा फलाटावर माणसांचा घोळका नव्हता. घोळका नाही म्हणजे अजून काही झालेलं नाही, हा एवढाच आधार.

तो फलाटाच्या शेवटच्या टोकाला, जिथं सावली संपते तिथं, जमिनीवर बसला होता. रुळांकडं तोंड करून. मी हाक मारली नाही. सावकाश चालत गेलो आणि त्याच्या आणि रुळांच्या मधे जाऊन बसलो. खाकी मळली.

त्यानं माझ्याकडं न बघता विचारलं, "आईला बोलावलं का?"

"नाही."

"गाडी पाठवली?"

"नाही. तुझी बायको ठाण्यात आली होती. चौथी माळ सांगितली तिनं मला."

तो दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. मग म्हणाला, "दोन गाड्या जाऊ दिल्या, साहेब. तिसरीला उठायचं ठरवलं व्हतं."

मी त्याचं मनगट धरलं ते ठाण्यात पोचेपर्यंत सोडलं नाही. बेडी घातलेल्या माणसालाही मी कधी इतकं घट्ट धरलं नव्हतं.

संध्याकाळच्या आत दोन पंच घेऊन बांधाला पुरलेली बाटली उकरली. अर्धी भरलेली, बुचाला सुईची भोकं, लेबलवर त्याच्या हातची तारीख. कॅलेंडर काढून बघितलं, चौथी माळ. पंचनामा केला. मग मालकाच्या घरी गेलो आणि पहिल्या दिवशी जिला विचारलं नव्हतं तिला विचारलं. म्हातारी ठणकावून म्हणाली, "परत लावलं की म्याच. पुढच्या नवरात्रात आला तर तवा बी परत लावीन. माझ्या दारात नवरात्रात सुई चालत न्हाय."

मालकानं आईकडं बघितलं. "मला कशी बोलली न्हाईस?"

"तू इचारलंस कवा?"

मालक मला बाजूला घेऊन म्हणाला, "मला वाटलं, एकदा टोचलं की झालं." मलाही तेच वाटत होतं. अर्ज निकाली काढावा असा अहवाल मी त्याच दिवशी लिहायला घेतला.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं लोक विचारतात. चौकशी माझी चुकली, असं मी आजही म्हणत नाही. तिसऱ्या दिवशी खरं बाहेर काढलं ते मीच. चुकली ती धमकी. गप्प बसलेला माणूस गुन्हाच लपवतो, असं चौतीस वर्षं धरून चाललो होतो. तो कुणाला तरी जपतही असतो. आणि दुसरं, आपल्या अंगावरची खूण म्हणजे सगळ्या जगाचा कायदा नव्हे. जे माहीत नाही ते आधी मॅडमना जाऊन विचारलं असतं, तर त्या पोरावर दोन दिवस बाकावर बसायची वेळच आली नसती. हे मान्य करायला मला लई जड गेलं. पण लिहून ठेवतो.

अहवालात एक अडचण होती. बायकोचा जबाब जोडल्याशिवाय डॉक्टर सुटत नव्हता, आणि जबाब जोडला की चौथी माळ सगळ्या गावाला कळणार होती. तो म्हणाला, "लिवा, साहेब. पण आईला दुसऱ्याकडनं कळलं तर..."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, अहवाल साहेबांच्या टेबलावर जायच्या आधी, मी साध्या कपड्यांत वाडीवर गेलो. म्हातारी ओट्यावर बसली होती. तो शेडपाशी उभा होता, पांढराफटक. मी चपला काढल्या, म्हातारीसमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. सुई, चौथी माळ, पुरलेली बाटली, येडशी. रुळांचंही लपवलं नाही.

ती ऐकत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "जमादार, दीडशे कोंबड्या एकामागून एक वरडल्या. म्या काय बहिरी हाय व्हय?"

मी मान वर करून तिच्याकडं बघितलं.

"घटाकडं तोंड करून बसले, पाठ त्यांच्याकडं केली. देवीला म्हणले, मुकी पाखरं हायती, मरत्याल. ह्ये पाप ल्येकराच्या नावानं लिवू नगं, माझ्या नावानं लिव. पाचव्या माळंपासनं म्या पाणी बी सोडलं व्हतं. त्यो मला फराळ का करत न्हाईस म्हणून भांडायचा." मग विचारलं, "रुळावर गेला व्हता म्हणता?"

"हो."

तिनं डोळ्यांना पदर लावला नाही. कवड्यांची माळ मुठीत धरली एवढंच.

मी उठून शेडपाशी गेलो. त्यानं विचारलं, "काय म्हणली?"

"जा. बोलावलंय."

तो चपला काढून ओट्यावर चढला. मी अंगणात थांबलो. मग म्हातारीचा आवाज आला, "बस. परवापासनं जेवला न्हाईस म्हणं." आणि तिनं सुनेला भाकरी टाकायला सांगितलं.

मी गाडीला किक मारली.